अणुयुद्धाच्या सिनेमात आधी फोन का बंद पडतो? ईएमपी म्हणजे काय?

'थ्रेड्स' हा बीबीसीचा सिनेमा १९८४ मध्ये टीव्हीवर आला होता. अणुयुद्धाची गोष्ट काल्पनिक, पण ठिकाणं खरी. मी तो मोबाईलवर पाहिला आणि डोक्यात एकच प्रश्न राहिला : आपल्या छत्रपती संभाजीनगरात असं झालं तर? चला, समजून घेऊ.

शेफील्डवरच हल्ला का?

सिनेमा इंग्लंडच्या शेफील्ड शहरात घडतो. शहराजवळ फिनिंग्ली हा हवाई दलाचा तळ होता आणि शहरात पोलादाचे कारखाने. शत्रूच्या यादीत लष्करी तळ असतात, तशीच युद्धाला लागणारी साधनंही असतात. आजच्या ब्रिटनमधलं मोठं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधला फास्लेन तळ. ट्रायडंट क्षेपणास्त्रांच्या ४ पाणबुड्यांचा मुक्काम तिथेच असतो.

ईएमपी म्हणजे काय?

सिनेमातला पहिला बॉम्ब तळावर पडतच नाही. तो उत्तर समुद्रावर खूप उंचावर फुटतो आणि वीज, फोन बंद पडतात. स्फोटामुळे तयार होणाऱ्या या विद्युतचुंबकीय झटक्याला ईएमपी म्हणतात.

हे खरंच घडलंय. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किमी उंचीवर 'स्टारफिश प्राइम' ही अणुचाचणी केली. जवळपास १,४०० किमी लांब असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे गेले. अवकाशात पसरलेल्या किरणोत्सर्गामुळे ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ सुद्धा बिघडला.

मग फोनचं काय?

ईएमपी लांब तारांमध्ये जास्त पकडला जातो. म्हणून खिशातला फोन वाचू शकतो, चार्जिंगला लावलेल्या फोनला धोका जास्त. पण टॉवरला वीज लागते आणि त्याची बॅटरी काही तासच टिकते. म्हणजे फोन चालू, नेटवर्क गायब.

आपल्या शहराचं काय?

मी छावणीत राहतो. हा भाग ब्रिटिशांच्या काळापासून लष्कराचा, त्यामुळे मला वाटायचं की धोका असेल तर इथेच. पण शहराचा जीव सुमारे ५० किमी लांब पैठणला आहे. जायकवाडीचं पाणी पंपाने चढवून शहरात आणावं लागतं. वीज गेली की पंप बंद, आणि नळाला तसंही रोज पाणी येत नाही. मागे आमच्या गल्लीत दिवसभर लाईट नव्हती, तेव्हा फोनच्या बॅटरीआधी टाकी संपली!

गंमत म्हणजे १७ व्या शतकात मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी फक्त उतारावर चालायची. तिला वीज लागतच नव्हती.

आजच करून ठेवा

१. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' चालू ठेवा. २०२३ मध्ये अनेकांचे फोन एकदम जोरात वाजले, ती याचीच चाचणी होती. हा मेसेज टॉवरवरून थेट येतो, इंटरनेट लागत नाही. टॉवर मात्र चालू हवा.

२. शहराचा नकाशा ऑफलाईन डाउनलोड करा.

३. घरच्यांचे नंबर कागदावर लिहा.

४. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घरात ठेवा. नेटवर्क नसलं तरी तो ऐकता येतो.

अणुयुद्ध होवो न होवो, वीज तर जातेच. म्हणून पाचवं काम फोनबाहेरचं : पाण्याचा एक हंडा कायम भरलेला असू द्या.