भीमथडीचे तट्टू

आमच्या शाळेत १ मे ला ध्वजवंदन झाले की सगळी मुले राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत म्हणत. शाहीर साबळे यांच्या आवाजाने घराघरात पोहोचलेले हे गीत २०२३ साली अधिकृत राज्यगीत झाले. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, हे तुम्हा सर्वांना ठाऊक असेलच. मीही मुलांबरोबर मोठ्याने गात असे. तरीही त्याच तट्टाची माझ्या हातून एकदा भर वर्गात थट्टा झाली. आज त्याबद्दल लिहायचे आहे.

भीमथडी म्हणजे भीमेची थडी, नदीचा काठ. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुका होता. आजच्या दौंड-बारामतीकडचा हा मुलूख. पाऊस कमी, जमीन उघडी, गवत आखूड, उन्हाळा कडक. अशा ठिकाणी जे जनावर टिकेल ते काटकच असणार.

ही जात एका दिवसात घडलेली नाही. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून शतकानुशतके अरबस्तान-इराणचे घोडे दख्खनेत उतरत होते. बहामनी सुलतान, विजयनगर, आदिलशाही, सगळ्यांनी त्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला. या परदेशी घोड्यांचा इथल्या डोंगरी तट्टांशी संकर होत गेला आणि त्यातून भीमा-नीरेच्या खोऱ्यात एक बुटका, रुंद छातीचा, टणक खुरांचा घोडा तयार झाला. खांद्यापाशी उंची साडेचार फुटांच्या आतच. दिसायला राजबिंडा मुळीच नाही. पण खडकाळ वाटेवर पाय घट्ट, खाणे बेताचे आणि स्वभाव शांत.

स्वराज्याची घोडदळाची व्यवस्था आम्ही शाळेत पाठ करून घेत असू. बारगीराला घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार... सभासदाच्या बखरीत ही उतरंड दिली आहे. त्यातच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा असेही आहे. परीक्षेत हा भाग कोणी विचारत नसे. मला मात्र आता तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी आणि नाल यांची सोय नसेल तर सरनोबत कितीही शूर असला तरी तो जाणार कोठे?

चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र तर प्रत्येकाने वाचावे. साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनास येईल तशी उडवाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यात ताकीद आहे. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजी ओढून आणतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हा धोकाही सांगितला आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जाते. घोड्याची चंदी आणि रयतेचे सुख यांचा संबंध ज्याला दिसला, तो राजा केवढा! वर्गात मी लढायांवर तासच्या तास घालवले आणि हे पत्र पाच मिनिटांत उरकले, याची आता खंत वाटते.

या घोड्याचा गुण खरा दिसला तो मोगलांशी झालेल्या दीर्घ युद्धात. १६८१ नंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला तो चालते-फिरते शहरच बरोबर घेऊन. तंबू, तोफा, हत्ती, बाजार. संताजी-धनाजींच्या स्वारांपाशी मात्र खोगीर, भाला, तलवार आणि थोडी शिदोरी. जड फौजेची रसद तोडायची आणि ती सावरायच्या आत दिसेनासे व्हायचे, हा खेळ कमी खाणाऱ्या आणि कोठेही चढणाऱ्या घोड्यावरच जमतो. पुढे पहिल्या बाजीरावाने १७२८ साली पालखेडला निजामाला दमवून कोंडीत पकडले आणि १७३७ साली तो थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला, ते याच वेगाच्या जोरावर. १७६१ साली पानिपतावर मात्र रसद आपलीच तुटली. माणसे आणि घोडी दोन्ही उपाशी होती. चिपळूणच्या पत्रातली ताकीद अशी उलटी खरी ठरली.

१८१८ साली पेशवाई बुडाली, पागा मोडल्या आणि या घोड्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. इंग्रजांना उंच घोडे हवेत, म्हणून अरबी आणि ऑस्ट्रेलियाचे वेलर घोडे बोटींतून येऊ लागले. भीमथडी घोडा उरला तो धनगरांच्या वाड्यांबरोबर. (वाडा म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा एकत्र फिरणारा तांडा.) दिवाळीनंतर वाडा सह्याद्रीकडे, कोकणाकडे निघतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततो. भांडीकुंडी, वाघर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी तान्हे मूलही घोड्याच्या पाठीवर असते.

आता माझी गोष्ट.

१९७९ साल असावे. आठवीच्या वर्गात मराठ्यांचे घोडदळ शिकवताना मी फळ्यावर एक उंच, वळणदार मानेचा घोडा काढला होता. चित्रकलेचा मला थोडा गर्वच होता. मागच्या बाकावर एक धनगराचा मुलगा बसे. तो जूनपासून दिवाळीपर्यंतच शाळेत असायचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमची घोडी बी भीमथडीच हाय."

खिडकीतून त्यांची घोडी दिसत होती. धुळीने माखलेली, पोट सुटलेली, बाभळीखाली उभी. मी म्हणालो, "अरे, ते ओझ्याचे तट्टू. मी लढाईच्या घोड्याविषयी सांगतो आहे." वर्ग खो खो हसला. तो खाली बसला.

दिवाळीनंतर वाडा गेला. पुढच्या जूनमध्ये वाडा परत आला, पण मुलगा शाळेत आला नाही. मी हजेरीपटावरून त्याचे नाव कमी केले. मेंढरांमागे माणूस कमी पडत होता म्हणून, की त्या हसण्यामुळे, हे मी कधी विचारायला गेलो नाही. पाल शाळेपासून अर्ध्या कोसावर होते.

२०२४ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात बातमी वाचली. कर्नाळच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदवली होती. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांत मिळून असे घोडे पाच हजारांच्या आसपासच उरले आहेत. बातमीसोबतच्या छायाचित्रात हुबेहूब ती बाभळीखालची घोडी! पुस्तकात बघून काढलेला माझा फळ्यावरचा घोडा चुकीचा होता आणि वर्गातले एकच पोर बरोबर होते. पंचेचाळीस वर्षे लागली मला हे कळायला.

गेल्या दिवाळीनंतर मुलाबरोबर गाडीतून पुण्याला जाताना रस्त्यावर एक वाडा लागला. मी गाडी थांबवायला लावली. घोडीमागून चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना विचारले, "मावशी, भीमथडी का हो घोडी?"

"आमच्याच घोडीची हाय," त्या म्हणाल्या, "हिची आय बी आमच्यापाशीच व्हती. तुमास्नी घ्यायचीय व्हय?"

मी नाही म्हणालो. मुलगा गाडीतून घड्याळ बघत होता. घोडीच्या पाठीवरच्या टोपलीतून दोन कोकरे माझ्याकडे पाहत होती. त्या मुलाचे नाव मला आजही आठवते. बाईंना विचारावे असे फार वाटले, पण इतक्या वर्षांनी काय म्हणून विचारायचे ते सुचेना. तोवर वाडा पुढे निघून गेला.

असो. नातवंडांनो, कधी रस्त्यात वाडा दिसला तर गाडीचा भोंगा वाजवू नका. थोडे थांबा आणि त्या घोडीकडे नीट बघा.