जंबो सूझाफोन

जंबो सूझाफोन हे सूझाफोन या पितळी सुषिर वाद्याच्या नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या नमुन्यांना दिले जाणारे सामान्य नाव आहे. ही वाद्ये प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तयार झाली. आज संग्राहक व वादक त्यांचा शोध घेतात, दुरुस्ती करतात आणि परस्परांशी तुलना करतात.

पार्श्वभूमी

अमेरिकन बँडप्रमुख व संगीतकार जॉन फिलिप सूझा (१८५४–१९३२) यांच्या नावावरून या वाद्याला नाव मिळाले. शरीराभोवती वेढून खांद्यावर घेतल्या जाणाऱ्या हेलिकॉन या जुन्या वाद्यात सुधारणा करून जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३ मध्ये फिलाडेल्फिया येथे पहिला सूझाफोन घडविला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील सी. जी. कॉन यांनी १८९८ मध्ये आपला नमुना तयार केला. आरंभी या वाद्याचा कर्णा आकाशाकडे उघडत असे, म्हणून त्याला विनोदाने 'पाऊस झेलणारा' म्हटले जाई. समोर वळलेल्या कर्ण्याचा प्रकार नंतर रूढ झाला.

निर्माते

मोठ्या नमुन्यांना निर्मात्यांनी तशीच भारदस्त नावे दिली. कॉन यांचा 'ग्रँड जंबो', क्लीव्हलँडच्या एच. एन. व्हाइट कंपनीचा 'किंग जंबो', तसेच मार्टिन आणि हॉल्टन यांचे 'मॅमथ' हे नमुने प्रसिद्ध आहेत.

आकार आणि स्वर

वाद्य मोठे म्हणजे त्याचा स्वर अधिक खालचा, हा समज चुकीचा आहे. मूळ स्वर मुख्यतः नळीच्या लांबीवर ठरतो. बी फ्लॅट सूझाफोनची नळी, तो साधा असो वा जंबो, सुमारे १८ फूट (५.५ मीटर) लांब असते. जंबोमध्ये वाढते ती नळीची व कर्ण्याची रुंदी. त्यामुळे नाद अधिक भरीव होतो. मात्र वादकाला श्वास अधिक लागतो आणि खांद्यावरील भारही वाढतो.

तुलनेचे निकष

तुलनेसाठी कॉन कंपनीचा '२० के' हा परिचित नमुना उपयोगी पडतो. त्याच्या कर्ण्याचा व्यास २६ इंच आणि व्हॉल्व्हजवळील नळीचा अंतर्व्यास ०.७३४ इंच असतो. अंतर्व्यास सामान्यतः दुसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीत व्हर्नियर कॅलिपरने मोजतात.

केवळ कर्ण्याच्या व्यासावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. कर्णा स्क्रूंनी जोडलेला व सुटा होणारा असल्यामुळे एका वाद्याचा कर्णा दुसऱ्याला बसविलेला आढळतो. म्हणून कर्ण्यावरील कोरीव नाव, व्हॉल्व्हवरील अनुक्रमांक आणि माउथपीसकडे जाणारी वळणदार नळी एकाच वाद्याची आहेत का, हे पाहावे लागते. जुन्या काळी काही बँड आजच्यापेक्षा उंच स्वरमानात वाजत. त्या स्वरमानाचे वाद्य कितीही सुस्थितीत असले तरी आजच्या वाद्यांशी सहज जुळत नाही.

जतन

शाळा-महाविद्यालयांच्या बँडमध्ये अनेक वर्षे वापरल्याने पुष्कळ वाद्यांना पोचे पडले व त्यांचे सुटे भाग हरवले. फायबरग्लासचे हलके सूझाफोन आल्यावर वजनदार पितळी वाद्यांची निकड कमी झाली. दुरुस्तीत पोचे काढताना व पुन्हा पुन्हा घासून चकाकी आणताना पत्रा पातळ होतो आणि कोरीव काम पुसट होते. वाद्याची ओळख पटविणारा पुरावाच त्यामुळे नाहीसा होऊ शकतो. म्हणून वाद्य वाजते ठेवावे, पण त्याच्या मूळ खुणा पुसू नयेत, हा जतनाचा महत्त्वाचा नियम ठरतो.