पथकराचा वाद व इंद्रायणीचा उतार

खेड तालुक्यांतील निघोजे हें गांव इंद्रायणीच्या कांठीं आहे. पुण्याहून चाकणमार्गें नाशिकाकडे जाणाऱ्यास मुळा, इंद्रायणी व भीमा ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून पूल कोणाच्या पैशानें बांधावा, हा प्रश्न या पट्ट्यास केवळ पुस्तकी वाटणार नाहीं.

टोलाचा विषय निघाला कीं आमचे संग्राहक मित्र नाणेघाटांतील दगडी रांजणाकडे बोट दाखवितात. व्यापारी त्यांत जकात टाकीत अशी परंपरा आहे. ती खोटी म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु जवळच्या सातवाहन लेखांत यज्ञांची व दक्षिणांची यादी आहे, जकातीची नव्हे. रांजणास लेखाचा आधार जोडण्याची घाई आम्हांस मान्य नाहीं.

आधार पाहिजे तर तो कौटिलीय अर्थशास्त्रांत आहे. नावध्यक्षाच्या प्रकरणांत नदीउताराचे दर दिले आहेत: हातीं ओझें घेतलेल्या माणसास एक माषक, गाडीस सात, महानदीवर दुप्पट. ब्राह्मण, बालक, वृद्ध, रोगी, गर्भिणी यांस माफी. येथवर बहुतेक लेखक सांगतात. पुढील कलम मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं. माणसें वा साहित्य अपुरें असल्यामुळें, किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावयाचें! वर्तनी, म्हणजे वाटेचा कर, घेणाऱ्या अंतपालावरहि हरवलेल्या व चोरीस गेलेल्या मालाची जोखीम आहे.

इंग्रजी अमदानींत १८३८ च्या पहिल्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठल्या. १८५१ च्या आठव्या कायद्यानें सरकारी खर्चाच्या रस्त्यांवर व पुलांवर टोल बसविण्याचा अधिकार आला. १८७५ त मुंबई इलाख्यानें स्वतंत्र कायदा केला. एका दारानें गेलेला कर दुसऱ्या दारानें परतला, असें म्हणण्याचा मोह होतो. पण जकात मालावर होती, टोल बांधलेल्या कामावर. त्यामुळें तंटा आतां हिशेबाचा झाला.

तो अद्याप मिटलेला नाहीं. १ जून २०१५ पासून राज्यानें १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांस सूट दिली. डिसेंबर २०१५ त कोल्हापूरचा टोल आंदोलनापुढें रद्द झाला. मुंबईंतील ५५ उड्डाणपुलांच्या खर्चासाठीं पांच प्रवेशनाक्यांवर बसविलेल्या टोलांतून हलकीं वाहनें ऑक्टोबर २०२४ त सुटलीं. समर्थक म्हणतात, ज्यानें पूल पाहिलाहि नाहीं त्यानें त्याचा खर्च कां सोसावा? विरोधक विचारतात, वाहनकर व इंधनावरील कर मग कशाचे? दोघांचेंहि म्हणणें सयुक्तिक आहे. पण दोघेहि दरावर व माफीवर भांडतात, नावध्यक्षाच्या जोखमीवर नव्हे.

निघोज्याच्या वरच्या अंगास, तळेगांवाजवळ कुंडमळा येथें, १५ जून २०२५ रोजीं इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल कोसळून चार जण मृत्यू पावले. तेथें टोल नव्हता. म्हणून ती घटना टोलाच्या समर्थकांनीं पुढें करावी, तर टोल घेतला कीं डागडुजी होतेच, हें त्यांना निराळें सिद्ध करावें लागेल. तें तपासण्याचें साधन म्हणजे पथकराचे करारनामे. जकातीचे ताळेबंद जमविणाऱ्यांनीं आपल्या रुमालांत त्यांसहि जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे.