दिवसाचं विमान, रात्रीची गाडी

धारणीहून लंडनला निघालेल्या माणसाचा प्रवास एसटी स्टँडवर सुरू होतो. हरिसाल, सेमाडोह करत गाडी मेळघाटातून पुढे सरकते, घाट उतरून परतवाड्याच्या सपाटीला लागते आणि दीडशेएक किलोमीटरनंतर अमरावती येते. तिथून संध्याकाळची मुंबईची गाडी. विमान अजून एका रात्रीच्या अंतरावर असतं.

वऱ्हाडातली कितीतरी मुलं-मुली आज परदेशात नोकरी करतात. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 साली सुरू झालं, शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली. या आणि नंतरच्या महाविद्यालयांतून शिकलेल्या पिढीचे आईवडील आता साठी-सत्तरीला पोचले आहेत. त्यांच्या पाठीची, गुडघ्यांची काळजी असलेली मुलं कधी कधी बिझनेस क्लासचं तिकीट काढून देतात आणि फोनवर विचारतात, दिवसाचं विमान घ्यायचं की रात्रीचं? हा प्रश्न आजचा वाटत असला, तरी त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातलं एक महत्त्वाचं पान विदर्भात लिहिलं गेलं.

पापळचे पंजाबराव देशमुख 1920 साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मुंबईहून बोटीने निघालं की दोन-तीन आठवडे समुद्रावर जायचे. दिवस आणि रात्र दोन्ही बोटीवरच, झोपायला केबिन आणि फिरायला डेक. घड्याळ रोज थोडं थोडं मागे घ्यायचं, त्यामुळे शरीरालाही फरक जाणवत नसे.

विमान आलं आणि रात्र आडवी आली. इम्पीरियल एअरवेजने मार्च 1929 मध्ये लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा, त्यातला काही टप्पा आगगाडीचा. विमानं दिवसा उडत आणि अंधार पडायच्या आत उतरत. प्रवासी रात्री हॉटेलात किंवा वाळवंटातल्या विश्रामस्थानी झोपत. इराकमधल्या रुतबाच्या किल्ल्यात तर विमानाच्या उतारूंसाठी खास मुक्कामाची सोय होती. भारतातही तेच झालं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत विमान आणलं. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांचा होता, आणि वाटेत बेल्लारीला त्यांना रात्रीचा मुक्काम करावा लागला. त्या काळात विमानाचा प्रवास म्हणजे दिवसाचाच प्रवास.

दुसऱ्या महायुद्धाने रात्र खुली केली. रेडिओची साधनं सुधारली, धावपट्ट्यांवर दिवे आले, लांब पल्ल्याची चार इंजिनांची विमानं तयार झाली. 8 जून 1948 ला एअर-इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. त्याच्या आठवडाभर आधी, 1 जूनला, पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली होती. धारणीच्या प्रवाशाला आज लागणाऱ्या दोन्ही वाहनांची सुरुवात अशी एकाच महिन्यातली आहे. वऱ्हाड मात्र तेव्हा मध्य प्रांतात होतं, त्यामुळे ही एसटी इथे यायला अजून वेळ होता.

मध्य प्रांताची राजधानी नागपूर. या शहराला 1949 साली जे काम मिळालं, ते त्याच्या भूगोलामुळे.

स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत, 30 जानेवारी 1949 ला, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तिची रचना अत्यंत साधी आणि तितकीच हुशार होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चौघांची गाठ मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पडे. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई: दिल्लीच्या विमानातली मद्रासची पत्रं मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या विमानातली मुंबईची पत्रं मुंबईच्या विमानात. मग प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत फिरे आणि पहाटे पोचे. नागपूरपासून या चारही शहरांचं हवाई अंतर साधारण सातशे ते हजार किलोमीटर. त्या काळच्या डकोटा विमानाला तेवढं अंतर कापायला तीन-चार तास लागत, म्हणजे जाणं-येणं मिळून एका रात्रीत बसे. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा उपयोग नागपूरला त्याआधी कधी झाला नसेल.

1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानाने पाठवण्याची योजना लागू झाली. संध्याकाळी कलकत्त्याच्या पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत हातात पडू लागलं. अकोल्याच्या कापूस व्यापाऱ्याला किंवा अमरावतीच्या वकिलाला आलेलं दूरचं पत्र रात्री सोनेगावला उतरे आणि तिथून आगगाडीने वऱ्हाडात येई. मुंबईचं विमान तर जाता-येता वऱ्हाडाच्या डोक्यावरूनच जाई.

या विमानांत उतारूही असत. थैल्यांबरोबर अर्ध्या रात्री नागपूरला उतरायचं, विमान बदलायचं आणि पहाटे दुसऱ्या महानगरात पोचायचं. झोप अर्धवट होई, पण तिकीट दिवसाच्या विमानापेक्षा स्वस्त पडे आणि कामाचा दिवस वाचे. रात्रीचा प्रवास पैसे वाचवणाऱ्यांचा आणि दिवसाचा प्रवास सोय पाहणाऱ्यांचा, अशी विभागणी भारतीय आकाशात तेव्हा झाली. आज बिझनेस क्लासच्या प्रवाशाला रात्रीचं विमान सोयीचं वाटतं, हा त्यानंतरचा मोठा बदल आहे.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. 1 ऑगस्ट 1953 ला खासगी विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आलं. त्याच वर्षी 12 डिसेंबरला सोनेगावहून उडालेलं डकोटा काही क्षणांत कोसळलं आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. कामगार चळवळीतले नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. तरीही सेवा चालू राहिली. पुढे मोठी विमानं आली, दिवसाची थेट उड्डाणं वाढली आणि 1970 च्या दशकात नागपूरची ही मध्यरात्रीची वर्दळ थांबली. योगायोग असा की एप्रिल 1973 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला फेडरल एक्स्प्रेसने नेमकी हीच पद्धत सुरू केली: सगळीकडून विमानं रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणायची, मालाची अदलाबदल करायची आणि सकाळच्या आत परत पाठवायची. जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत मेम्फिसचं उदाहरण शिकवलं जातं. त्याआधी चोवीस वर्षं नागपूर ते करत होतं, हे विदर्भातल्या विद्यार्थ्याला तरी माहीत असायला हवं.

जेट विमानांनी अंतर आक्रसलं. 1960 साली एअर-इंडियाची बोइंग 707 लंडनला जाऊ लागली आणि प्रवासाचा वेळ निम्म्याच्या आसपास आला. पण आवाज वाढला. विमानतळाभोवती राहणाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि युरोपातल्या शहरांनी रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं घालायला सुरुवात केली. लंडनच्या हीथ्रोवर ती 1962 पासून आहेत. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात नियमित उड्डाणांना मनाई आहे. युरोपात सकाळी उतरायचं तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. सकाळी पोचलेल्या उतारूला तिथून पुढे अमेरिकेचं विमान मिळतं, आणि तेच विमान थोड्या वेळात मुंबईला परत फिरू शकतं. मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ रात्री दोन वाजता सर्वांत जागा असतो, त्यामागे हा हिशेब आहे.

उतारूच्या झोपेचा विचार फार नंतर झाला. बिझनेस क्लास नावाचा वेगळा वर्ग 1970 च्या दशकाच्या अखेरीस आला, पण तेव्हा त्यात मिळायची ती रुंद खुर्ची आणि बरं जेवण. पाठ पूर्ण टेकवून झोपता येईल असा सपाट पलंग ब्रिटिश एअरवेजने 2000 साली या वर्गात आणला आणि इतर कंपन्यांना त्यामागे जावं लागलं. रात्रीच्या विमानाला प्रतिष्ठा आली ती या पलंगामुळे.

धारणीच्या प्रवाशाने मात्र विमानातल्या पलंगापाशी थांबू नये. त्याचा हिशेब घरच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.

अमरावतीची गाडी संध्याकाळी निघून सकाळी मुंबईला पोचते. लंडनचं विमान रात्री दोनच्या सुमाराचं असेल, तर सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण दिवस मुंबईत काढावा लागतो: नातेवाइकाकडे, हॉटेलात किंवा सामान सांभाळत कुठेतरी. एक रात्र गाडीत आणि लगेच दुसरी रात्र विमानात. साडेनऊ-दहा तासांच्या उड्डाणातून चढणं, जेवण आणि उतरण्याची तयारी वजा केली की पलंगावर सलग झोप मिळते ती पाच-सहा तास. सकाळी सातला लंडनला उतरल्यावर समोर पूर्ण दिवस असतो आणि बहुतेक ठिकाणी घराची किंवा हॉटेलची खोली दुपारनंतर मिळते.

तेच विमान दुपारी एकच्या सुमाराचं असेल, तर गाडीतून उतरून थेट विमानतळ गाठता येतो. लंडनला संध्याकाळी पोचायचं, जेवायचं, झोपायचं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि बहुतेकांच्या शरीराला लांबलेला दिवस आखडलेल्या दिवसापेक्षा सोपा जातो. खिडकीतून उजेड येत राहिला की शरीराच्या घड्याळालाही नव्या वेळेकडे सरकायला मदत होते. जाताना दिवसाचं विमान घेणाऱ्याचा एक पूर्ण दिवस आणि एक जागरण वाचतं. गाडीला उशीर होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवून वयस्कर माणसांनी एक दिवस आधी मुंबई गाठलेली बरी.

येताना गणित उलटतं. लंडनहून सकाळी निघणारं विमान मुंबईला मध्यरात्रीच्या आसपास टेकतं. त्या वेळी वऱ्हाडाकडे जाणारं काही हाताशी नसतं. रात्री नऊ-दहाला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला पोचतं. पूर्वेकडे येताना रात्र आखडते, म्हणून मिळेल तेवढी झोप पलंगावर घ्यावी. इथे बिझनेस क्लासचे पैसे वसूल होतात. दुपारी मुंबई, संध्याकाळी अमरावतीची गाडी, सकाळी अमरावती आणि दुपारपर्यंत उजेडात घाट चढून धारणी. मेळघाटाच्या रस्त्यावर रात्री जनावरं उतरतात, वळणं अवघड आहेत; परदेशाहून थकून आलेल्या माणसाने तो टप्पा दिवसाच करायला हवा.

खांडवा किंवा बऱ्हाणपूर गाठून मुंबईची गाडी धरणारेही धारणीत पुष्कळ आहेत. पूर्वी मेळघाटातून जाणारी अकोला-खांडवा मीटरगेज होती. धूळघाटच्या वळणावर रूळ स्वतःलाच ओलांडून वर चढत. 2017 च्या सुरुवातीला ती गेज बदलण्यासाठी बंद झाली. अकोला-अकोट टप्पा ब्रॉडगेज झाला, पण व्याघ्र प्रकल्पातल्या मार्गाचा वाद लांबला आणि जंगलातला हा लोहमार्ग गेला.

नागपूरची मध्यरात्र दरम्यान पुन्हा जागी झाली आहे. दोहा आणि शारजाची विमानं तिथून रात्रीची ये-जा करतात. आखाती विमानतळांवर चारी दिशांची विमानं थोड्या वेळात एकत्र येतात, उतारूंची अदलाबदल होते आणि ती पुन्हा पांगतात. अमरावतीच्या माणसाला युरोप-अमेरिकेसाठी ही वाट जवळची आहे. पण तीत झोपेचे दोन तुकडे पडतात, आणि इतक्या लहान टप्प्यावर महागडा पलंग फारसा वापरता येत नाही. 1949 सालच्या सोनेगावच्या उतारूची अडचण हीच होती.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस, अलायन्स एअरच्या एटीआर विमानाने. तिचं स्वागत झालं ते योग्यच आहे. पण मुंबईत तिला पुढच्या विमानाचा मेळ मिळाला नाही, तर धारणीच्या प्रवाशाला रात्रीची गाडीच सोयीची राहील. सकाळी लवकर मुंबईला पोचवणारी आणि दुपारनंतर परत आणणारी रोजची एक फेरी असली, तर युरोपचं दुपारचं विमान जाताना धरता येईल आणि दुपारी उतरणाऱ्याला त्याच दिवशी अमरावती गाठता येईल. 1949 साली चार शहरांची वेळापत्रकं मिनिटामिनिटाने जुळवून दाखवणाऱ्या विदर्भात ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही, आणि वऱ्हाडातल्या लोकप्रतिनिधींनी ती वेळेच्या तपशिलासकट मांडायला हवी.