कुरणशाळा : गुरांमागे गेलेली शाळा

मे १९४५. तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले आणि वेठबिगारीला नकार देऊन परतले. त्याच वर्षी जवळच्या बोर्डीत ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले.

मॉन्टेसरी पद्धत १९०७ साली रोमच्या गरीब मजूरवस्तीत जन्मली. भारतात मात्र महागड्या साधनांमुळे ती सुखवस्तू घरांपुरतीच उरली होती. बोर्डीत साधने बदलली : शिंपले, बिया, खडे, पाने. मुलाने स्वतः हाताळावे, ताडून पाहावे, हे तत्त्व तेवढे कायम राहिले.

खरा पेच पुढे कोसबाडच्या टेकडीवर पडला. मोठी मुले शाळेत येईनात. ती गुरे राखत आणि त्या कामावाचून घराचे भागत नसे. ‘आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही’ हे शहरी निदान किती पोकळ होते, ते इथे दिसते. मग शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरे आणि अंक. समोरचे गवत, किडे, पाखरे हाच निसर्गाभ्यास. हीच कुरणशाळा.

बोर्डीतली ‘अंगणवाडी’ १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेली. ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. गुराख्यांची शाळा त्या योजनेत बसली नाही.