तेरचं चाक

आवड की पोटपाणी, हा पेच करिअरच्या चर्चेत आज नवा वाटतो, पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तो ७०० वर्षं जुना आहे. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इथलं सुती कापड भडोचला जाई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. अशा कारागिरीच्या गावी तेराव्या शतकात संत गोरोबाकाका, म्हणजे गोरा कुंभार, झाले. त्यांनी अभंग रचले, पण कुंभाराचं चाक सोडलं नाही. परंपरा सांगते, की संतमेळ्यात त्यांनी मडकी थापायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं मडक्यासारखं ठोकलं आणि संत नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. मडक्यावर टिचकी मारून आवाजावरून भाजणी ओळखणारा कानच इथे अध्यात्मात उतरला आहे. म्हणून मला वाटतं, धंद्याने त्यांच्या ध्यासाला नुसती भाकरी दिली नाही, भाषाही दिली.

कुणी म्हणेल, जातीने लादलेल्या धंद्यात निवड कसली? हा आक्षेप खरा आहे. चाक त्यांनी निवडलं नव्हतं. त्यांच्या हाती होतं ते अभंग रचणं, आणि ते त्यांनी केलं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचं मूल पायाखाली गेलं, ही कथा. चाक आणि भजन दोन्ही सांभाळण्याची किंमत घरच्यांनी मोजली, हे लोकस्मृतीने लपवलेलं नाही. त्या कथेतली आई आजही तितकीच आठवली पाहिजे.