सीजीटॉपची कुळकथा

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं डिझाइन ऑफिस डोळ्यांसमोर आणा. वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, आधी कुठं थिजेल, पोकळी कुठं राहील, याचं सिम्युलेशन एका लिनक्स मशीनवर चालू आहे. त्याच मशीनवर दुसरा जण ड्रॉइंगची फाइल उघडायला बघतोय आणि त्याचा पडदा जागचा हलत नाही. तो टर्मिनलवर 'टॉप' मारतो. एकाच नावाच्या नऊ प्रोसेस ओळीनं दिसतात. पण नऊ मिळून किती खातात आणि त्या कोणत्या कामातून निघाल्या, हे कळायला 'सिस्टीमडी-सीजीटॉप' मारावं लागतं. 'टॉप' ते 'सीजीटॉप' हा पल्ला गाठायला पाव शतकाहून जास्त काळ लागला. इतका वेळ का लागला, हे मला या कथेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

'टॉप' विल्यम लेफेव्हर यांनी 1984 मध्ये लिहिलं. व्हीएमएस या प्रणालीत तशी सोय होती, ती त्यांनी युनिक्सवर आणली. त्याआधीपासून 'नाइस' होतं. आपल्या प्रोसेसचा अग्रक्रम आपणहून खाली आणायचा, म्हणजे इतरांना वाट मिळते. बर्कलीच्या 4.2 बीएसडीमध्ये 1983 साली मर्यादा घालायची सोय आली, आज आपण 'युलिमिट' वापरतो ती त्याच घराण्यातली. पण ही सगळी हत्यारं एकेक प्रोसेस सुटी धरत. मेमरीची मर्यादा एक जीबी ठेवा, प्रोग्रामनं दहा पोरं (चाइल्ड प्रोसेस) काढली की प्रत्येकाला एकेक जीबी. सीपीयूचंही तेच. एकाच कोअरवर एकाच्या नऊ प्रोसेस आणि दुसऱ्याची एक असेल, तर अगदी 'समान' वाटपातही नऊ आणे विरुद्ध एक आणा.

पंचगंगेकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी कमी असताना उपसा मोटारींच्या संख्येवर वाटला, तर जो जास्त मोटारी बसवील त्याचाच ऊस हिरवा राहील. वाटा मोटारीला नव्हे, खातेदाराला ठरवला पाहिजे.

संगणकात हा विचार नीट मांडला तो सिडनी विद्यापीठात, ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी. तिथं विद्यार्थ्यांची झुंबड एकाच व्हॅक्स मशीनवर पडे. 1988 मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधाचं म्हणणं असं, की हिस्सा प्रोसेसला द्यायचाच नाही, वापरणाऱ्याला द्यायचा. मग त्यानं प्रोसेस किती काढायच्या त्या काढाव्यात. सीजीटॉपचा मूळपुरुष कोण विचाराल, तर मी या निबंधाकडे बोट दाखवीन.

लिनक्समध्ये हे यायला पुढची वीस वर्षं गेली. एकाच यंत्रावर अनेक कामं कोंबायची गरज गुगलला होती. तिथल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये काम सुरू केलं आणि जानेवारी 2008 मध्ये आलेल्या 2.6.24 कर्नेलात 'कंट्रोल ग्रुप', म्हणजे सीग्रुप, दाखल झाले. यात भारतातल्या आयबीएमच्या मंडळींचा वाटा मोठा. सीपीयूची गटवार वाटणी श्रीवत्स वड्डगिरी यांनी, मेमरीचा हिशेब बलबीर सिंग यांनी बसवला. धवल गियानी आणि बलबीर सिंग यांनी 'लिबसीग्रुप' काढलं. 'सीजीक्रिएट'नं गट काढा, 'सीजीसेट'नं मर्यादा घाला, 'सीजीएक्झेक'नं त्या गटात काम सोडा. टर्मिनलवरून गट हाताळायची ही पहिली घडीव हत्यारं. या मंडळींचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, ते घेतलं जायला हवं.

2010 च्या शेवटी माइक गॅलब्रेथ यांनी दोनशेएक ओळींचा पॅच आणला. एका टर्मिनलमधून निघालेल्या प्रोसेसचा आपोआप एक गट, त्यामुळे कर्नेलचं कंपाइल जोरात चालू असतानाही बाकीचं मशीन सुरळीत. लिनस टोरवाल्ड्स बेहद्द खूश झाले. लेनर्ट पोटरिंग यांनी मात्र दाखवून दिलं, की शेलच्या चार ओळींत हेच करता येतं. पॅच पुढं कर्नेलात गेला. पोटरिंग यांनी त्याच वर्षी जाहीर केलेल्या 'सिस्टीमडी'नं प्रत्येक सर्व्हिसला तिचा स्वतःचा सीग्रुप दिला. पोरानं पोर काढून निसटायची वाट बंद झाली आणि गटांचा वृक्ष प्रत्येक मशीनवर आयताच उभा राहिला. तो वाचायला 'सिस्टीमडी-सीजीएलएस', त्याचा खर्च बघायला 'सीजीटॉप'.

त्या फाउंड्रीतल्या मशीनवर 'सीजीटॉप' मारलं की 'युजर स्लाइस'खाली प्रत्येक माणसाची एक ओळ येते: किती टास्क, किती सीपीयू, किती मेमरी, डिस्कवरची आवकजावक. 'एम' दाबलं की यादी मेमरीप्रमाणे लागते. सिम्युलेशनवाल्याला मग 'सिस्टीमडी-रन'नं त्याचं काम वेगळ्या गटात सोडता येतं, 'मेमरीहाय'ची रेघ आखून. रेघ ओलांडली की कर्नेल त्या गटाला सावकाश करतं, मारत नाही. 'मेमरीमॅक्स' ओलांडून जागा मोकळी झाली नाही, तर मात्र त्याच गटातली प्रोसेस जाते, शेजाऱ्याची नाही. 'सीपीयूवेट', म्हणजे सीपीयूतला गटाचा वजनी वाटा, ओढाताण असेल तेव्हाच लागू होतो. शेजारी जेवायला गेला, की सिम्युलेशन सगळे कोअर वापरू शकतं.

सुरुवातीला सीपीयूचा वृक्ष एक, मेमरीचा दुसरा, असा घोळ होता. तेजुन हो यांच्या सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीनं सगळं एका वृक्षात आणलं आणि 2016 च्या 4.5 कर्नेलात ती पक्की झाली. 2018 च्या अखेरीस योहानेस वायनर यांचं 'प्रेशर'चं मोजमाप आलं. गटातल्या प्रोसेस सीपीयूसाठी, मेमरीसाठी, डिस्कसाठी किती वेळ ताटकळल्या, याची गेल्या दहा, साठ आणि तीनशे सेकंदांची टक्केवारी गटाच्या फोल्डरात साध्या फाइलीत मिळते. सीजीटॉपच्या नेहमीच्या रकान्यांत ती दिसत नाही. गोठलेल्या पडद्यासमोर बसलेल्यानं 'कॅट' मारून आपल्या गटाची 'मेमरी प्रेशर' फाइल आधी वाचावी, मगच सिम्युलेशनवाल्याकडे तक्रार घेऊन जावं.